घोडीच्या पायावरची सात आठवडे अडलेली जखम: स्टेम सेल टोचावेत का, आणि टोचायचे तर कसे?

तापीकाठचा_वैद्य (शहादा) यांचा प्रश्न

राम राम मंडळी. सहा वर्षांची मारवाडी घोडी, वजन अंदाजे ३८० किलो. डाव्या मागच्या पायाला, हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या) खाली, नळीच्या हाडाच्या पुढच्या अंगाला काटेरी तारेची जखम. सात आठवडे झाले. आज मोजली तर लांबी ९ सेंमी, रुंदी ६ सेंमी. मांस कातडीच्या वर दीड सेंमी आलंय, रंग गडद लाल, बोट लागलं की रक्त. खालच्या कोपऱ्यात एक बारीक छिद्र आहे, त्यातून पातळ पू येतो. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. औषध चालू असतं तोवर छिद्र बंद, थांबलं की चार-पाच दिवसांत पुन्हा वाहायला लागतं. लंगडत नाही, पण वळताना तो पाय जपते.

सुरुवातीला मालकाने मोरचूद आणि जळालेलं ऑइल लावलं होतं. नंतर रोज पोव्हिडोन आयोडीनने धुणं, वर मलम आणि जखम उघडी. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं आहे. एक्स-रे अजून नाही.

एका विक्रेत्याने गोठवलेल्या स्टेम सेलची कुपी सुचवली आहे. त्यात ५० लाख पेशी, एकदा टोचली की महिन्यात जखम बंद, असं त्याचं म्हणणं. मालकाला दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी उतरवायची आहे, म्हणजे हातात जेमतेम अडीच महिने.

विचारायचं ते असं: या जखमेला पेशींचा उपयोग आहे का? किती पेशी, कुठे आणि किती खोल टोचायच्या? कुपी आमच्या कृत्रिम रेतनाच्या नायट्रोजन जारमध्ये ठेवली तर चालेल का? आणि हे जमलं नाही तर दुसरं काय?


शल्यचिकित्सा_धुळे

डॉक्टर, कुपीचं नंतर बघू, आधी त्या छिद्राचा छडा लावा. औषध असेपर्यंत बंद आणि थांबलं की वाहतं, याचा अर्थ आत काहीतरी मेलेलं किंवा बाहेरचं अडकलेलं आहे. नळीच्या पुढच्या अंगाला कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळपास नसतंच. तारेने हाडावरचं आवरण सोललं गेलं की हाडाच्या वरच्या थराचं रक्त तुटतं आणि तेवढी कपची मरून सुटी होते. हा सिक्वेस्ट्रम एक्स-रेत दिसायला तीनेक आठवडे जातात. तुमचे सात झालेत, म्हणजे असेल तर आता नक्की दिसेल. चार फोटो काढा: एक बाजूने, एक समोरून, दोन तिरके. पाचवा फोटो छिद्रात निर्जंतुक बोथट सळई घालून काढा, म्हणजे वाट कुठे जाते ते कळेल. कपची निघाली तर ती काढून खालचं हाड रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत क्युरेटने खरवडायचं. ती आत असताना वरून कितीही पेशी टोचा, पुवात त्या टिकणार नाहीत.

दुसरं, त्या वाढलेल्या मांसाचा तुकडा तपासायला पाठवा. ६ किंवा ८ मिमीचा पंच (गोल तुकडा कापायचं हत्यार) घ्या, एक तुकडा कडेचा आणि एक मधला, १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट. पावसाळ्यानंतर आपल्याकडे माशी किती असते ते तुम्हाला सांगायला नको. माशीने जखमेत हॅब्रोनेमा या कृमीच्या अळ्या सोडल्या की मांस असंच फुगतं, आत तांदळाच्या कणीएवढे पिवळे कडक दाणे सापडतात. त्याला आयव्हरमेक्टिन ०.२ मिग्रॅ प्रतिकिलो तोंडाने आणि वरून थोडे दिवस स्टेरॉइडचं मलम. आयव्हरमेक्टिनचं गाईम्हशींचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका, टोचल्या जागी क्लॉस्ट्रिडियमचा संसर्ग होऊन जीव जाऊ शकतो. घोडी डबक्यात किंवा नदीकाठच्या साचलेल्या पाण्यात उभी राहत असेल तर पिथिओसिस हा बुरशीसारख्या जीवाचा संसर्गही डोक्यात ठेवा. त्यात मांसातून पोवळ्यासारखे फांद्या फुटलेले पिवळट खडे निघतात.

आणि सारकॉइड, म्हणजे घोड्याच्या कातडीवरची गाठ. तारेच्या जखमेवर तो उगवू शकतो आणि नुसत्या डोळ्यांनी वाढीव मांसापासून वेगळा ओळखता येत नाही. गाठीच्या जागी स्टेम सेल टोचणं म्हणजे नव्या रक्तवाहिन्या आणि वाढीचे घटक तिच्या दाराशी नेऊन देणं. तपासणीचा अहवाल हातात नसताना पेशी वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं, वाढलेलं मांस उतरवा. त्यात संवेदना नेणाऱ्या नसा नसतात, म्हणून नुसतं छाटायला भूल लागत नाही, गुंगी पुरते. झायलाझिन ०.५ ते १.१ मिग्रॅ प्रतिकिलो शिरेतून, सोबत ब्युटॉर्फेनॉल ०.०२. हाड खरवडायचं असेल तर मात्र टिबियल आणि पेरोनियल या पायाच्या नसा बधिर करणारा ब्लॉक हवा. छाटताना खालून वर या. वरून सुरुवात केली तर रक्त खाली ओघळतं आणि पुढचं काही दिसत नाही. कडेला जी फिकट गुलाबी, जराशी निळसर पातळ किनार असते ती नवी कातडी आहे, तिला पातं लागू देऊ नका. मांस कातडीच्या पातळीला किंवा दोन मिमी खाली आणा आणि लगेच दाबाची पट्टी बांधा. रक्त बरंच जाईल, आधीपासून तयारी ठेवा.

मोरचूद पूर्ण बंद. तो मांस जाळतो हे खरं, पण त्याबरोबर ती किनारही जाळतो आणि जखम पहिल्यापासून सुरू होते.

आता विक्रेत्याच्या महिन्याबद्दल. घोड्याच्या धडावर नवी कातडी दिवसाला साधारण ०.२ मिमी सरकते, पायाच्या खालच्या भागावर त्याच्या निम्मीच, ०.१ मिमीच्या आसपास. धडावरची जखम आकसूनही लहान होते, पायावरची फार कमी आकसते. तुमची जखम ६ सेंमी रुंद, दोन्ही कडांना तीस-तीस मिमी चालायचं. आकसण्याचा थोडा हातभार धरला तरी हा हिशोब महिन्यात बसत नाही, आणि पेशी टोचल्याने हा वेग दसपट होत नाही. दत्तजयंतीपर्यंत जखम स्वच्छ, सपाट आणि बरीचशी झाकलेली दिसू शकते. पूर्ण बंद होईल असा शब्द मालकाला देऊ नका.


पेशीशाळा

मी पेशींच्या बाजूने लिहिते, कारण कुपीबद्दल चुकीच्या समजुती जास्त आहेत.

जखमेसाठी वापरतात त्या मेसेन्कायमल पेशी. त्या अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतून काढतात. टोचलेल्या पेशी स्वतः कातडी होऊन जखम भरतात असा समज आहे, तसं होत नाही. बहुतेक पेशी काही दिवसांत मरतात किंवा निघून जातात. तेवढ्या वेळात त्या व्हीईजीएफसारखे घटक सोडतात, त्याने नव्या रक्तवाहिन्या वाढतात; आणि दाह शमवणारे संकेत देतात, त्याने अडकलेली जखम पुढच्या टप्प्यात सरकते. म्हणून ज्या जखमेत रक्त आणि जिवंत पाया आहे पण दाह हटत नाही, तिथे त्यांचं काम. मेलेलं हाड, पू, अळ्या, सुटा टाका यांवर त्या काहीच करत नाहीत. घोड्याच्या पायावरच्या जखमांच्या प्रयोगांत दिसलेला फायदाही मर्यादित आहे. सुरुवातीचे आठवडे जखम जराशी लहान राहते, चमत्कार होत नाही.

संख्या. तुमची जखम लंबगोल धरली तर क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस सेंमी. माणसांच्या जुनाट जखमांत दर चौरस सेंमीला निदान १० लाख पेशी लागल्याचं दिसलं आहे, आणि प्राण्यांतही तेवढ्याच्या आसपास धरून चालतात. म्हणजे तुम्हाला ४ कोटींच्या घरात पेशी हव्यात. ५० लाखांची कुपी या जखमेला पुरत नाही. आणि ५० लाख हा आकडा गोठवतानाचा की वितळवल्यानंतर जिवंत मोजलेला, हे पहिल्यांदा विचारा.

विक्रेत्याकडून लेखी मागा: दाता कोणता प्राणी (घोड्याला घोड्याच्याच पेशी हव्यात); दात्याची ग्लँडर्स आणि ईआयए या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांची तपासणी झाली का; पेशी कितव्या पॅसेजच्या (किती वेळा नव्या भांड्यात वाढवलेल्या), पाचच्या पुढच्या नकोत; जिवाणू, बुरशी आणि मायकोप्लाझ्मा नसल्याचा अहवाल; पेशींवरच्या ओळखखुणांपैकी सीडी ९० आणि सीडी १०५ पॉझिटिव्ह, सीडी ४५ आणि एमएचसी वर्ग २ निगेटिव्ह; वितळवल्यावरचं जिवंतपण किती टक्के. सीडी ७३ घोड्यात नीट दिसत नाही, कारण बाजारातली अँटिबॉडी माणसासाठी बनलेली असते, तेवढ्यावरून कुपी नाकारू नका. बाकीचं देता येत नसेल तर ती कुपी नको. कोणत्या परवान्याखाली विकतात तेही कागदावर घ्या. युरोपात घोड्यांसाठी पेशींच्या औषधाला पहिली मान्यता २०१९ साली मिळाली आणि तीही लंगडण्यासाठी, जखमेसाठी नाही.

रेतनाचा जार. तापमान −१९६ अंशच असतं, म्हणून वाटतं की चालेल. अडचण अशी की रेतकांडी काढताना कॅनिस्टर (जारमधला डबा) दर वेळी मानेपर्यंत वर येतो. त्या काही सेकंदांत कुपीचं तापमान −१३० च्या वर गेलं की आतल्या बर्फाची रचना बदलायला लागते. दिवसातून दहा रेतनं होणाऱ्या जारमध्ये आठवडाभर ठेवलेल्या कुपीत पेशी मोजायला मिळतील, जिवंत मिळणार नाहीत. ठेवायचीच असेल तर एका कॅनिस्टरमध्ये एकटी, तो कॅनिस्टर अजिबात उचलायचा नाही, आणि दोन-तीन दिवसांच्या वर नको. नायट्रोजनची पातळी पट्टी टाकून रोज बघा. अजून एक, आणि हे जिवावरचं आहे: फिरकीच्या झाकणातून द्रव नायट्रोजन कुपीत शिरला असेल तर गरम पाण्यात टाकल्यावर कुपी फुटते. चष्मा आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय वितळवू नका.

वितळवणं रेतकांडीसारखंच ३७ अंशाच्या पाण्यात, पण कांडीला तीस सेकंद पुरतात तसं इथे नाही. कुपीला दीड ते दोन मिनिटं लागतात. आत हरभऱ्याएवढा बर्फ उरला की बाहेर काढा, पूर्ण वितळून गरम होऊ देऊ नका. झाकण पाण्याच्या वर ठेवा, उघडण्याआधी ७० टक्के अल्कोहोलने पुसा. गोठवणाच्या द्रवात १० टक्के डीएमएसओ असतो, तो उबेत पेशींना मारतो, म्हणून लगेच पातळ करायचा. कुपी १ मिलीची असेल तर ९ मिली कोमट बफर (पेशींना मानवणारं क्षारांचं पाणी), त्यात घोडीचाच ५ टक्के सीरम, थेंब-थेंब करत दोन-तीन मिनिटांत. घाई केली तर पेशी पाणी ओढून फुटतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी वर (गुरुत्वाच्या ३०० पट जोराने) पाच मिनिटं फिरवून वरचं ओतून द्या आणि तळाच्या पेशी हव्या तेवढ्या बफरमध्ये हलक्या हाताने मिसळा.

नंतर मोजा. शहाद्यातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये न्यूबाउअर चेंबर (पेशी मोजायची चौकोनांची काच) मिळतो. ०.४ टक्के ट्रायपॅन ब्लू आणि पेशी समान भाग, तीन ते पाच मिनिटांत बघायचं. निळ्या झाल्या त्या मेल्या. कोपऱ्यातल्या चार मोठ्या चौकोनांची सरासरी गुणिले २ गुणिले १०,००० म्हणजे एका मिलीतल्या पेशी. जिवंत ८० टक्क्यांच्या वर हव्यात, ७० च्या खाली गेल्या तर टोचू नका. मेलेल्या पेशींचा चिखल टोचला तर दाह वाढतो.

हे सगळं शहाद्यात उभं करण्यापेक्षा प्रयोगशाळेकडून ताज्या, धुतलेल्या पेशी ४ ते ८ अंशांवर मागवणं मला जास्त सुरक्षित वाटतं. पॅक झाल्यापासून २४ तासांत टोचायच्या. जेल पॅकला कुपी चिकटून गोठू नये म्हणून मध्ये पुठ्ठा हवा. खोका एसटीच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर नको. ऑक्टोबरच्या दुपारी बंद गाडीत काय तापतं ते खानदेशात सगळ्यांना माहीत आहे.


तापीकाठचा_वैद्य

ताई, सविस्तर लिहिलंत, फार उपयोग झाला. डॉक्टरसाहेब, एक्स-रे आणि तुकडा दोन्ही या आठवड्यात करतो. टोचण्याची जागा आणि खोली राहिली, तेवढं सांगा.


पेशीशाळा

जखमेचा तळ तयार झाल्यावरच: पू नाही, छिद्र बंद, मांस सपाट, गुलाबी आणि बारीक दाणेदार.

जखमेचा घेर २४ सेंमीच्या आसपास येईल. ४ कोटी पेशी ४ मिलीत घ्या. कडेपासून १ सेंमी बाहेर, चांगल्या कातडीत, दर २ सेंमीला एक, म्हणजे बारा जागी ०.२५ मिली. सुई २२ नंबरची. सुईचं तोंड कातडीच्या आत, खालच्या सैल थराच्या वर राहू द्या. फोड आल्यासारखा लहान उंचवटा दिसला की जागा बरोबर. फार खोल गेलात तर द्रव कातडीखाली पसरून निघून जातो. नळीवर कातडी ताठ असते, जोर लावून ढकलू नका, बारीक सुई आणि जोर मिळून पेशी फाटतात. तीन मिली असे गेले की उरलेला एक मिली जखमेच्या तळावर टाकून न चिकटणारी जाळी आणि पट्टी. तीन दिवस सोडायची नाही. गरज वाटली तर दोन आठवड्यांनी दुसरी फेरी. दुसऱ्या घोड्याच्या पेशी पुन्हा-पुन्हा दिल्या तर अंगात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, तिसऱ्या-चौथ्या वेळी सूज येऊ शकते.

त्या दिवशी काय टाळायचं हे सुईइतकंच महत्त्वाचं. पोव्हिडोन आणि क्लोरहेक्सिडिन दोन्ही पेशींना मारतात. धुण्यासाठी वापरलंत तर नंतर भरपूर सलाइनने जखम निथळून घ्या. लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध जखमेभोवती टोचू नका, तेही मारक आहे. गुंगी द्या, हवा तर वर, दूरवर नर्व्ह ब्लॉक. जेंटामायसिन किंवा अमिकासिन जखमेवर थेट ओतू नका. स्टेरॉइडचं मलम निदान आठवडाभर आधीपासून बंद.


पशुवैद्य_चोपडा

एवढ्या खटाटोपापेक्षा घोडीच्याच रक्ताचा पीआरपी (प्लेटलेट जास्त असलेला प्लाझ्मा) का नको? फ्रीजमा ठेवानी गरज नही. सेंट्रिफ्यूज असला की झालं.

गळ्याच्या शिरेतून ६० मिली रक्त, ९ भागाला १ भाग ३.८ टक्के सोडियम सायट्रेट. पहिली फेरी २०० जी, दहा मिनिटं. वरचा पिवळा भाग घ्या, पांढऱ्या थराला टोक लावू नका. दुसरी फेरी ८०० जी, दहा मिनिटं. वरचा दोन-तृतीयांश भाग टाकून द्या, उरलेल्यात तळाचं बटण (खाली बसलेल्या प्लेटलेट) मिसळा. पाच-सहा मिली मिळतो. १५ सेंमी त्रिज्येच्या मशीनवर हे साधारण ११०० आणि २२०० फेरे येतात. बहुतेक जण मशीन आल्या आल्या ३००० वर लावतात, प्लेटलेट पहिल्याच फेरीत लाल पेशींसोबत तळाला बसतात आणि हातात नुसता प्लाझ्मा येतो. आधी आणि नंतर काउंट करा, तीन ते पाच पट वाढ हवी. लावताना १ मिलीला ०.१ मिली १० टक्के कॅल्शियम क्लोराइड, दोन-चार मिनिटांत जेल बनतं. त्या आठवड्यात फ्लुनिक्सिन किंवा फिनाइलब्युटाझोन ही वेदनाशामकं चालू नकोत, प्लेटलेट आळशी होतात.


शल्यचिकित्सा_धुळे

चोपडा डॉक्टर, पद्धत अचूक दिलीत, कुत्र्याच्या किंवा बैलाच्या खोल, मांस गेलेल्या जखमेला मी हेच सांगेन. पण या घोडीला आत्ता पीआरपी नको. घोड्याच्या पायाच्या खालच्या भागातल्या जखमांवर पीआरपी जेल लावून पाहिलं तेव्हा वाढीव मांस उलट जास्त आलं आणि जखम भरायला उशीर लागला. जिथे मांस कमी पडतंय तिथे पीआरपी, जिथे मांस उतू जातंय तिथे नाही. हिचं मांस दीड सेंमी वर आहे.


तबेला_सारंगखेडा

राम राम डॉक्टर. पेशींचं आम्हाला कळत नाही, पट्टीचं कळतं, तेवढं लिहितो.

नळीवरची जखम उघडी ठेवली की पाय हलतो, कड ओढली जाते, माशी बसते. बांधलीच पाहिजे. पण बांधण्यातच निम्म्या जखमा बिघडतात. पहिला थर न चिकटणारा, पॅराफिनची जाळी. त्यावर गॉझ. त्यावर कापूस, आणि हा कापूस औषधाच्या दुकानातला शोषणारा घ्या. आपल्याकडे जिनिंगचा कापूस फुकट मिळतो म्हणून लोक तोच गुंडाळतात. त्याच्यावर मेण असतं, पाणी पीत नाही, पू आतच साचतो आणि तंतू जखमेत रुततात. कापूस दाबल्यावर दीड-दोन सेंमी जाड राहील एवढा. मग गॉझचा रोल, मग क्रेप, खालून वर, निम्मा-निम्मा चढवत. खुराच्या वरच्या कडेपासून सुरू करा, मध्येच सुरू केली तर खालचा भाग सुजतो. हॉकच्या खाली संपवा, मागच्या जाड शिरेवर (कंडरेवर) दोरीसारखी वळ पडू देऊ नका, पट्टीने शीर कापल्याचे पाय बरे होत नाहीत. वरच्या कडेत दोन बोटं गेली पाहिजेत.

घोडी पट्टी चावत असेल तर तोंडाला जाळी किंवा गळ्यात लाकडी काठ्यांचा पट्टा. मांस छाटल्यावरची पहिली पट्टी दुसऱ्या दिवशी बदला, नंतर दोन-तीन दिवसांआड. पट्टी ओली झाली, घसरली किंवा घोडी अचानक पाय टेकेना झाली तर वेळ न बघता सोडा. दिवसभर उभी ठेवायची, मोकळी सोडायची नाही, रपेट नाही, चारा गुडघ्याएवढ्या उंचीवर. शेण-मूत दिवसातून दोनदा उचला. आणि मालकाला तोंडावर सांगा, जखमवर आते काहीच लाऊ नको रे भाऊ, हळद बी नही.


शेतकरी_यावल

विषय निघालाच आहे तर विचारतो. बैलाच्या खांद्याला जुवाने जखम झाली आहे, तळहाताएवढी, महिना झाला. त्याला हे पेशींचं करता येईल का?


पशुवैद्य_चोपडा

दादा, करता येईल पण गरज नाही. जू उतरवा, जखम भरून वर केस येईपर्यंत त्याला नांगर-वखराला जुंपू नका. खांद्याची जखम धडावरची, रक्त भरपूर, ती आकसून भरते. १० टक्के पोव्हिडोन १० मिली एका लिटर स्वच्छ पाण्यात घालून फिकट चहाच्या रंगाचं पाणी करा, २० मिलीच्या सिरिंजने १८ नंबरच्या सुईतून धार मारून धुवा, वर सिल्व्हर सल्फाडायझिन. भोवती माशी हटवणारं औषध लावा, जखमेत नाही. जुवाचा तो भाग रंध्याने गुळगुळीत करून गादी बांधा, दोन बैलांच्या उंचीत फरक असेल तर तोही बघा. हाताला खोल, कडक, गोळ्यासारखं लागत असेल किंवा पू येत असेल तर मात्र डॉक्टरला दाखवा.


तापीकाठचा_वैद्य

एक्स-रे झाला. हाडाच्या पुढच्या अंगाला दोन सेंमी लांब, पातळ सुटी कपची, भोवती काळी रेघ, सळईचं टोक थेट तिच्यावर. तुकड्याचा अहवाल आला: फक्त वाढीव मांस, गाठ नाही, अळी नाही, बुरशी नाही. कपची काढणं ठरलं. त्यानंतर पेशी की कातडीचं कलम?


शल्यचिकित्सा_धुळे

कपची काढल्यावर दहा ते चौदा दिवस फक्त पट्टी. हाड झाकलं गेलं, मांस सपाट गुलाबी झालं की कलम करा. ६ सेंमी रुंदीच्या जखमेला माझी पहिली पसंती पंच ग्राफ्टला, कारण प्रत्येक कलम स्वतःच्या कडेने पसरतं आणि तीन सेंमीचं अंतर तीन-चार मिमीवर येतं. पैसे कमी लागतात, उभ्या घोडीवर होतं, आणि लागणारं सगळं तुमच्याकडे आहे. पेशी मिळाल्याच, तर कलमाच्या वेळी कडेला टोचा, कलमाऐवजी नको.

पद्धत. मानेवर आयाळीच्या खालची जागा भादरा, धुवा, तिथे लिग्नोकेन चालतं. आधी जखमेत ५ मिमीच्या पंचने भोकं करा, खालच्या ओळीपासून, एकमेकांपासून साधारण १ सेंमीवर. तुमच्या जखमेला चाळीसच्या आसपास बसतील. प्रत्येक भोकात कापसाची काडी खोचून ठेवा, रक्त थांबतं आणि जागाही सापडते. मग मानेवरून ७ मिमीच्या पंचने कातडी घ्या. कलम भोकापेक्षा मोठं असतं, कारण सुटल्यावर आकसतं. मागची चरबी पात्याने पूर्ण काढा, पांढरी चरबी राहिली तर रक्त पोचत नाही आणि कलम मरतं. सलाइनमध्ये भिजलेल्या गॉझवर ठेवा, सुकू देऊ नका. एकेक काडी काढून कलम बसवा, केसांचं तोंड खाली. मानेवरची भोकं एकेका टाक्याने किंवा स्टेपलने बंद.

वर न चिकटणारी जाळी आणि तबेलावाल्या दादांनी सांगितली तशी जाड पट्टी. मेलोक्सिकॅम ०.६ मिग्रॅ प्रतिकिलो दिवसातून एकदा, तीन दिवस. पहिली पट्टी चौथ्या-पाचव्या दिवशी सोडा, तीही सलाइनने भिजवून, नाहीतर जाळीसोबत कलमं उपटून येतात. तेव्हा काही कलमांचा वरचा काळा पापुद्रा सुटलेला असेल आणि खाली फिकट ठिपका दिसेल, ते मेलेलं समजून खरवडू नका, खालचा थर बहुतेक वेळा जिवंत असतो. पोकळ भोक दिसलं तरच ते कलम गेलं. दोन-तीन आठवड्यांनी ठिपक्यांभोवती गुलाबी कडी दिसायला लागतात. दर आठवड्याला जखमेशेजारी मोजपट्टी धरून एकाच अंतरावरून फोटो काढा आणि इथे टाका, मांस पुन्हा वर येतंय असं दिसलं तर तीन-चार दिवस स्टेरॉइडचं मलम लावायचं की छाटायचं ते फोटो बघून सांगतो.